वाणी आणि अर्थ यांची फारकत

(प्रस्तावना)

प्रस्तावना लिहिणाऱ्याला त्या विषयात काही अधिकार असावा, असा आपल्याकडचा जुना आणि रास्त संकेत आहे. आणि मेंदूच्या एका विकाराविषयीच्या पुस्तिकेला आष्टीसारख्या तालुक्याच्या गावी मराठी शिकवण्यात उभी हयात घालवलेल्या मास्तराने चार शब्द जोडावेत, यात त्या संकेताचा भंग होतो, हे मी प्रारंभीच कबूल करतो. पुस्तिकेची लेखिका माझी विद्यार्थिनी. वाचाउपचाराचे शिक्षण पुरे करून ती याच भागात परतली, आणि 'डॉक्टरांची प्रस्तावना नको, सर, ऐकणाऱ्याची हवी' असा हट्ट धरून बसली. ऐकणारा म्हणून माझा अधिकार एवढाच, की एका माणसाचे बोलणे मी तीस वर्षे ऐकले आणि पुढच्या सात वर्षांत ते शब्दाशब्दाने ओसरत गेलेले पाहिले. त्यांची ओळख पटू नये म्हणून काही बारीकसारीक तपशील मी बदलले आहेत. बोलण्याचा तपशील मात्र होता तसाच ठेवला आहे, कारण या पुस्तिकेचा विषयच तो आहे.

ते अर्जनवीस होते. तहसील कचेरीच्या आवारातल्या निंबाखाली एक लाकडी पेटी, तिच्यावर कोऱ्या कागदांचा गठ्ठा, आणि समोर उकिडवा बसलेला कोणी खातेदार: असे त्यांचे दफ्तर. समोरच्याची कहाणी कितीही विस्कळीत असो, ती ऐकता ऐकता त्यांच्या मनात तिचा मसुदा तयार होत असे. फेरफाराची नोंद, वहिवाटीची तक्रार, धुऱ्याचा वाद, वारसांची नावे, सगळे आपापल्या जागी बसून शेवटच्या 'सबब अर्ज' या शब्दांपाशी येऊन ठेपे. चतुःसीमा सांगताना त्यांचा आवाज किंचित चढत असे, आणि पूर्वेस अमुकाचे शेत, पश्चिमेस नाला, दक्षिणेस पांदण असे ते म्हणू लागले की ऐकणाऱ्याला आपण त्या बांधावर उभे आहोत असे वाटे. गावाबाहेर त्यांची स्वतःची तीन एकर संत्र्याची बाग होती. मृगाचा बहार धरावा की आंबिया, या प्रश्नावर ते तासभर बोलू शकत.

वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षाच्या सुमारास त्यांच्या लिखाणात 'सदरहू' हा शब्द वाढू लागला. अर्जनवीसाच्या लेखणीत 'सदरहू' असायचाच, त्यामुळे कोणाला काही वावगे वाटले नाही. मग तो बोलण्यात आला. 'सदरहू आणा' म्हणजे तांब्या आणा. 'सदरहूला पाणी दिलं का?' म्हणजे बागेला. लोक हसत; कचेरीतला माणूस घरीही कचेरीतच राहतो, असे म्हणत. मीही हसलो आहे. ज्या वस्तूचे नाव हाताशी उरले नाही तिच्या जागी हा निराकार शब्द बसवून तो माणूस आपला संसार रेटत होता, हे कळायला आम्हाला दोन वर्षे लागली. वखराला ते आधी डवरा म्हणाले, मग अवजार म्हणाले, मग 'ते' म्हणाले. संत्र्याचे लिंबू झाले, लिंबाचे फळ झाले, आणि एका सकाळी आपणच लावलेल्या झाडाचे फळ हातात घेऊन त्यांनी मुलाला विचारले, "हे काय असते रे?" झाड पानापानाने वाळावे तशी ही गळती होती: डहाळी आधी, फांदी नंतर, खोड सर्वांत शेवटी. विशिष्ट नावे आधी जातात आणि सर्वसाधारण नावे मागे रेंगाळतात, हा या आजाराच्या एका प्रकाराचा नियमच आहे, असे पुढे लेखिकेने मला समजावले.

या विकाराला फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया म्हणतात. कपाळामागचा ललाटखंड आणि कानशिलाआतला शंखखंड, हे मेंदूचे दोन भाग त्यात हळूहळू सुकत जातात. त्याची सुरुवात बहुधा पंचेचाळीस ते पासष्ट या वयात, म्हणजे माणूस कर्ता असताना होते. आणि म्हणून त्याला म्हातारपणाच्या खात्यावर टाकून मोकळे होता येत नाही. प्राग शहरातले वैद्य अर्नोल्ड पिक यांनी १८९२ साली वाचा आणि वर्तन दोन्ही बिघडलेल्या एका रुग्णाचे वर्णन प्रसिद्ध केले, तेव्हापासून या विकाराचा लेखी इतिहास सुरू होतो. पुढे दीर्घकाळ तो पिक यांच्याच नावाने ओळखला गेला. एलिझाबेथ वॉरिंग्टन यांनी १९७५ साली असे तीन रुग्ण नोंदवले, की ज्यांचे शब्दांचे आणि वस्तूंचे ज्ञान तेवढे ढासळले होते. मार्सेल मेसुलम यांनी १९८२ साली असे सहा रुग्ण दाखवले, की ज्यांची वाचा वर्षानुवर्षे ढळत गेली पण बाकीची बुद्धी बराच काळ शाबूत राहिली. पेशींत साचणारी टाऊ आणि टीडीपी-४३ ही प्रथिने या नाशाशी निगडित आहेत. दुसऱ्याचा या विकारातला सहभाग तर २००६ साली उघड झाला. अलीकडे ब्रूस विलिस या अमेरिकन नटाच्या कुटुंबाने २०२२ साली त्याच्या वाचाघाताची आणि २०२३ साली या निदानाची वार्ता जाहीर केली, तेव्हा हे नाव आपल्या वर्तमानपत्रांतही झळकले. पण नाव झळकले म्हणून गावातल्या माणसाला आपल्या घरातला आजार ओळखता येतोच, असे नाही.

आपल्या भाषेने डिमेन्शियाला 'स्मृतिभ्रंश' हा प्रतिशब्द दिला आहे. शब्द भारदस्त आहे, गीतेमुळे कानाला परिचित आहे, आणि या विकारापुरता तो दिशाभूल करणारा आहे. आमच्या अर्जनवीसांना काल कोण भेटायला आले होते हे आठवत असे, औषधाची वेळ आठवत असे, आर्वीच्या एसटीची वेळ तर मला नसेल इतकी पक्की आठवत असे. पावकी, निमकी आणि दिडकी ते उशिरापर्यंत न चुकता म्हणत, आणि मुद्रांकाची बेरीज मनातल्या मनात करत. अर्थज्ञान ढासळले तरी आकडे पुष्कळ काळ टिकतात, हेही या प्रकाराचे एक लक्षण आहे. त्यांच्या कारभारीणबाई मला एकदा म्हणाल्या, "यायले समदं आठवते, मास्तर, पन वस्तू समोर असून वस्तूचं नाव घेता येत नाई." मोठ्या शहरातल्या एका दवाखान्यात त्यांना 'आज तारीख काय, वार कोणता' असे प्रश्न विचारण्यात आले, त्यांनी सर्व उत्तरे बिनचूक दिली, आणि स्मृती उत्तम आहे, मनावर ताण दिसतो, असा शेरा घेऊन मंडळी परत आली. प्रश्न चुकीचे नव्हते. ते दुसऱ्या आजाराचे होते.

याचा अर्थ मला सर्वांत स्पष्टपणे कळला तो एका १६ ऑगस्टला. १९४२ सालच्या नागपंचमीच्या दिवशी, ऑगस्टच्या त्या १६ तारखेला, आष्टीत आणि चिमूरमध्ये जो उठाव झाला आणि जे बलिदान घडले, त्याच्यावर या गावाची ओळख उभी आहे. गावाच्या नावाशी 'शहीद' हा शब्द जोडला गेला आहे तो त्यामुळे. त्या वर्षीच्या स्मरणसभेलाही अर्जनवीस वेळेवर, धुतलेली टोपी घालून, नेहमीच्या जागी येऊन बसले. तारीख त्यांना कोणी सांगितली नव्हती. भाषण सुरू झाले, आणि वक्त्याने 'हुतात्मा' हा शब्द उच्चारताच ते शेजाऱ्याकडे वळून, कुजबुजण्याचे भान न राखता, भरल्या आवाजात म्हणाले, "हुतात्मा म्हंजे काय असते रे भाऊ?" क्षणभर सगळे स्तब्ध झाले. कोणी रागावले, कोणी माना फिरवल्या. कोणाला ती थट्टा वाटली, कोणाला बेअदबी. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिले. त्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती. नव्या गावी आलेल्या माणसाने वाट विचारावी तसा तो प्रश्न होता. ज्या दिवसाने त्या शब्दाला गावात जन्म दिला तो दिवस त्यांच्यापाशी होता, आणि तो शब्द मात्र रिकामा झाला होता. वाणी आणि अर्थ हे पार्वती-परमेश्वरासारखे एकमेकांपासून वेगळे न होणारे आहेत, अशा भावनेने कालिदासाने आपल्या काव्याचा आरंभ केला. त्या दोघांची फारकत होऊ शकते, आणि ती एखाद्या सज्जन माणसाच्या मस्तकात निमूटपणे होऊ शकते, हे त्या दिवशी मी पाहिले.

या विकाराने बोलणे बिघडते ते एकाच रीतीने नव्हे. २०११ साली तज्ज्ञांनी हळूहळू वाढणाऱ्या वाचाघाताचे तीन प्रकार निश्चित केले, आणि पुस्तिकेची मधली प्रकरणे त्यांनाच वाहिलेली आहेत. पहिला, वर वर्णिलेला अर्थलोपाचा: बोलणे ओघवते, व्याकरण शाबूत, पण आशय पोकळ होत जाणारा. दुसरा याच्या नेमका उलट: माणसाला म्हणायचे काय ते पुरते ठाऊक असते, पण ओठ आणि जीभ हुकूम पाळत नाहीत, प-ट-क हे तीन ध्वनी झपझप म्हणायला सांगितले तर त्यांची गुंतवळ होते, वाक्ये आखूड होतात, प्रत्यय गळतात. मराठीत क्रियापद कधी कर्त्याच्या, कधी कर्माच्या लिंगवचनाने चालते. 'मी भाकर खाल्ली' असे म्हणणारा माणूस 'मी… भाकर… खाल्ला' असे म्हणू लागला तर तो जिभेचा निष्काळजीपणा नसून व्याकरणाच्या यंत्रणेचा मोडलेला दात असू शकतो. याच रुग्णांच्या तोंडून 'हो' म्हणायचे असता 'नाही' निघून जाते, आणि जेवणाला नाही म्हणणाऱ्या बापासमोरून ताट उचलले जाते, ही घरोघर घडणारी बारीकशी शोकांतिका लेखिकेने फार हळुवारपणे टिपली आहे. तिसऱ्या प्रकारात शब्द शोधताना माणूस अडखळतो आणि लांब वाक्य ऐकून परत म्हणू शकत नाही; त्याच्या मुळाशी मात्र बहुधा अल्झायमरचाच विकार असतो.

वाचेपेक्षा वर्तन आधी बिघडवणारे या विकाराचे एक रूप आहे, आणि मराठी घरात तेही बोलण्यातूनच प्रथम जाणवते, असे मला वाटते. आपल्या भाषेत 'तू', 'तुम्ही' आणि 'आपण' यांच्यामध्ये एक अख्खा समाज उभा आहे. जन्मभर व्याह्यांना 'अहो, या' म्हणणारा गृहस्थ एके दिवशी भर पंगतीत 'ये रे, बस' म्हणतो. सुनेशी नजर खाली ठेवून बोलणारा सासरा तिच्या माहेराविषयी नको ते बोलून जातो. एकच किस्सा, त्याच शब्दांत, त्याच ठिकाणी हसून, दिवसातून दहादा सांगतो. समोरच्याचे शेवटचे शब्द तसेच्या तसे परत म्हणतो. ज्या भाषांत सर्वांसाठी एकच सर्वनाम आहे, तेथे ही पहिली घंटा ऐकू येत नसेल; आपल्याकडे ती ऐकू येते, परंतु आपण तिला आजाराची घंटा न समजता माजाची, व्यसनाची किंवा बाहेरवाशाची समजतो, आणि ज्याला वैद्याकडे न्यायचे त्याला भावकीसमोर उभे करतो.

पुस्तिकेतला जो भाग मला मास्तर म्हणून सर्वाधिक विचारप्रवृत्त करून गेला, तो वाचनाविषयीचा. अर्थलोपाचा इंग्रजी रुग्ण अनियमित वर्तनीचे शब्द चुकीचे वाचतो. 'मिंट' आणि 'हिंट' यांच्या चालीवर 'पाइंट'ला 'पिंट' म्हणतो, आणि त्या चुकीवरून वैद्य निदानाकडे वळतो. जपानी वैद्यांनी तर १९४३ सालीच चिनी लिपीच्या अक्षरांचे उच्चार चुकवणाऱ्या अशा रुग्णांचे निरीक्षण केले होते. आमची देवनागरी बहुतांशी जशी लिहावी तशी वाचावी अशी. म्हणून अर्जनवीस वर्तमानपत्रातला अग्रलेख खणखणीत आवाजात वाचून दाखवत आणि त्यातला एकही शब्द त्यांच्यापर्यंत पोहोचत नसे. वाचता येते म्हणजे कळते, या आमच्या शालेय श्रद्धेला त्यांनी माझ्यापुरती मूठमाती दिली. तरीही देवनागरीच्या या सरळ रस्त्यावर एकदोन वळणे आहेत. 'जरा थांबा' मधला 'जरा' आणि 'जरा आणि व्याधी' मधली 'जरा', 'चार बैल' मधला 'चार' आणि 'बैल चार' मधला 'चार': अक्षरे तीच, उच्चार दोन, आणि कोणता उच्चार करायचा ते अर्थ कळल्यावाचून ठरत नाही. मराठी रुग्णाच्या वाचनातली चूक शोधायची तर ती या वळणांवर शोधावी, असे मी लेखिकेला सुचवले. तिने ती सूचना वहीत उतरून घेतली, याचे मला म्हाताऱ्या मास्तराला शोभेल इतके समाधान आहे.

येथेच या पुस्तिकेचे मला भावलेले प्रतिपादन येते: माणसाचे बोलणे बिघडले की नाही ते पुस्तकी भाषेच्या मापाने मोजू नये, त्याच्या स्वतःच्या कालच्या बोलण्याच्या मापाने मोजावे. ग्रिअर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाचा मराठीला वाहिलेला सातवा खंड १९०५ साली निघाला, तेव्हापासून वऱ्हाडी-नागपुरी बोलींची दखल विद्वानांच्या दफ्तरी आहे. परंतु चाचणीचा कागद हातात आला की ती दखल विसरली जाते. आमच्याकडे डोळ्याला 'डोया' म्हणतात, 'मला'चे 'मले' होते, आणि माणूस 'जात आहे' म्हणत नाही, 'जाऊन राह्यला' म्हणतो. परगावच्या परीक्षकाने 'डोया' या उच्चारावर चुकीची फुली मारली, तर ती फुली आजारावर पडत नाही, आमच्या मायबोलीवर पडते. उलट, ज्याने जन्मात 'डोया'खेरीज काही म्हटले नाही तो एकाएकी अडखळत 'डो… दोया' म्हणू लागला, तर परीक्षकाला कदाचित काहीच जाणवणार नाही, आणि शेजारच्या म्हातारीला तत्काळ जाणवेल. चित्रे ओळखण्याच्या मूळ इंग्रजी चाचणीत कांगारू, पेंग्विन, हार्प वाद्य असले प्राणी आणि पदार्थ आहेत. आमच्या माणसाची कसोटी वखर, तिफण आणि डवरा यांच्यावर लागली पाहिजे. लेखिकेने पुस्तिकेच्या शेवटी या भागातल्या वस्तूंची चित्रे दिली आहेत, ती या कारणाने मोलाची आहेत.

बहुभाषिकतेचा प्रश्नही आमच्या दृष्टीने किरकोळ नाही, कारण घरी वऱ्हाडी, शाळेत प्रमाण मराठी आणि बाजारात हिंदी, हा येथला नित्यक्रम आहे. हैदराबादच्या निजाम्स इन्स्टिट्यूटमध्ये सुवर्णा अल्लादी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डिमेन्शियाच्या ६४८ रुग्णांचा अभ्यास करून २०१३ साली असे दाखवले, की एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांमध्ये विकाराची सुरुवात सरासरी साडेचार वर्षांनी उशिरा झाली होती, आणि निरक्षरांमध्येही हा फरक दिसत होता. त्याच संशोधकांनी २०१७ साली या निष्कर्षाला एक महत्त्वाची पुरवणी जोडली: फ्रंटोटेम्पोरल विकाराच्या वर्तनप्रधान रूपाला हा विलंब लागू होतो, वाचाघाताच्या रूपांना होत नाही. जेथे घाव भाषेवरच पडतो, तेथे भाषांची श्रीमंती ढाल होत नाही, असाच त्याचा आशय मी घेतो. कदाचित ढालीवरच वार झाला तर ती तरी काय करणार!

आता उपायांविषयी. या विकाराला थांबवणारे औषध आजमितीस नाही, आणि अल्झायमरसाठी दिल्या जाणाऱ्या गोळ्यांचा येथे लाभ होत नाही, क्वचित त्रासच होतो. हे लेखिकेने आडवळण न घेता सांगितले आहे. करण्यासारखे जे आहे ते घरात आहे: बोलताना एका वेळी एकच गोष्ट विचारणे, शब्दाबरोबर वस्तू दाखवणे, घरच्या माणसांची आणि रोजच्या पदार्थांची छायाचित्रे लावलेली वही करणे, 'आठवा पाहू' असा शाळामास्तरी तगादा बंद करणे. भजन, पाढे, प्रार्थना यांसारखे तोंडी बसलेले ठेवे उशिरापर्यंत टिकतात; त्यांचा आधार घ्यावा. अर्जनवीसांच्या सहवासाने मी त्यात एक व्यवहाराची गोष्ट जोडतो. आजार कळताच माणसाची समज शाबूत आहे तोवर मृत्युपत्र, वाटणी, बँकेचे व्यवहार उरकून घ्यावेत. पुष्कळांना वाटते की मुलाच्या नावे मुखत्यारपत्र केले म्हणजे निर्धास्त झालो. परंतु आपल्या १८७२ सालच्या करार कायद्याच्या कलम २०१ प्रमाणे मुखत्यारपत्र देणाऱ्याचे चित्त अस्थिर झाले की ते अधिकारपत्रच संपुष्टात येते. ज्याने गावाचे दस्तऐवज लिहिले, त्याचाच स्वतःचा दस्तऐवज वेळेवर झाला नाही, आणि त्याच्या मुलांना पुढे कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या, एवढे सांगून हा विषय पुरा करतो.

लेखिका ज्याला 'घरचा कान' म्हणते, त्याचा सर्वोत्तम नमुना मी अर्जनवीसांच्या घरीच पाहिला. त्यांच्या थोरल्या सुनेने, कोणी सांगितल्याशिवाय, भिंतीवरच्या कॅलेंडरात तारखांच्या चौकोनांत पेन्सिलीने नोंदी ठेवल्या होत्या: 'आज चाळणी गेली', 'कुलूप गेलं', 'नातवाचं नाव गेलं, पण त्याला पाहून हसले'. वस्तू घरातच होत्या. गेले होते ते त्यांचे शब्द. पुढे ज्या वैद्यांनी अखेर योग्य निदान केले, त्यांनी मेंदूच्या चित्रांइतकाच वेळ या सहा वर्षांच्या कॅलेंडरांना दिला, कारण कोणता शब्द कोणत्या शब्दाच्या आधी गेला याची एवढी विश्वासार्ह बखर दुसरीकडे कोठे मिळणार होती? शेवटच्या वर्षाच्या एका चौकोनात 'सदरहू गेलं' एवढेच लिहिले आहे. मला वाटले होते की तेथे नोंदी थांबल्या असतील. पान उलटले, तर पुढच्या महिन्यात त्याच पेन्सिलीने लिहिले होते: 'ताटाला हात लावून दाखवला की जेवतात.' आणि त्याखाली: 'पावकी म्हटली की मान डोलावतात.' गेलेल्याची नोंद संपल्यावर त्या बाईने उरलेल्याची नोंद सुरू केली होती.

पुस्तिकेची पुढली पाने या दुसऱ्या प्रकारच्या नोंदी कशा ठेवाव्यात ते शिकवतात. वाचकाने ती पेन्सिल जवळ ठेवून वाचावीत.

आष्टी (जि. वर्धा)
१६ ऑगस्ट २०२४